फिंचची वीण: होऊ द्यायची कधी, थांबवायची कधी

झेब्रा फिंचची जोडी आणली की पिलं होतात, त्यासाठी फार काही करावं लागत नाही. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातले. तिथे पाऊस झाला, गवत दाण्यावर आलं की लगेच घरटं धरायचं, हा त्यांचा स्वभाव. आपल्याकडे पिंजऱ्यात दाणापाणी बारा महिने तयार, म्हणजे त्यांच्या लेखी बारा महिने सुगीच. मादी अंड्यांमागून अंडी घालत राहते आणि त्यातच झिजून अकाली जाते. नीट ठेवला तर हाच पक्षी पाच-सात वर्षं सहज जगतो. म्हणून सांगलीत आमच्या गच्चीवरच्या पक्षीघरात माझं निम्मं लक्ष पिलांकडे असतं आणि निम्मं वीण वेळेवर थांबवण्याकडे.

पक्षीघर आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच आहे. फिंच आडवा उडणारा पक्षी, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी जास्त द्या. जाळी पाव इंची घ्या. अर्ध्या इंचाच्या जाळीतून फिंच बाहेर जात नाही, पण उंदराचं पिल्लू आत येतं आणि रात्री एकदा घरट्यांत घबराट झाली की पक्षी अंडी सोडून देतात. नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि पक्षी जाळीला चोच लावतातच, म्हणून ती व्हिनेगरच्या पाण्याने घासून, धुऊन, उन्हात वाळवून मगच बसवा. दारं एकामागे एक दोन हवीत, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांचा खडू पक्ष्यांच्या आसपास अजिबात नको, त्यात विष असतं.

आमच्याकडे एप्रिल-मेचं ऊन चाळिशीच्या वर जातं. छताच्या पत्र्यावर उसाचं पाचट जाड अंथरते आणि पश्चिमेला ओलं गोणपाट सोडते. त्या दिवसांत वीण घेऊच नये. फिंचला ऊन कळतं, आणि किती कळतं याचं मला फार अप्रूप आहे. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हवा 26 अंशांच्या वर गेली की झेब्रा फिंच उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी एका खास आवाजात बोलतात, आणि तो आवाज ऐकलेली पिलं पुढे उन्हाळ्यात आकाराने लहान राहतात. पण आपल्या पत्र्याखालची धग ही काही त्यांच्या मुलखातली मोकळी हवा नव्हे.

आता पक्षी निवडणं. दुकानात मुनिया दाखवतील, कधी हिरव्या-गुलाबी रंगात बुडवलेल्याही. घेऊ नका. आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या रंगवलेल्या मुनिया बहुधा फार दिवस जगतही नाहीत. झेब्रा किंवा बेंगॉलीज (फिंचचीच एक पाळीव जात) घ्या, हे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत. करड्या झेब्रात नर-मादी ओळखणं सोपं: नराच्या गालावर शेंदरी ठिपका, गळ्याखाली बारीक काळे पट्टे, बगलेत तांबूस पिसांवर पांढरे ठिपके, चोच लालभडक. मादी साधी करडी, चोच नारिंगी. पांढऱ्या रंगात मात्र चोच आणि गाणं एवढंच बघायचं, कारण गातो तो नरच. एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेली जोडी पुष्कळदा भावंडांची असते. नर एकीकडून आणि मादी दुसरीकडून आणा. तुरेवाले दोघे एकत्र लावू नका. तुऱ्याचा गुण दोन्ही बाजूंनी आला तर ते पिल्लू अंड्यातच मरतं. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत राहू द्या. श्वास घेताना टिकटिक आवाज येत असेल तर त्याच्या श्वासनळीत किडे असू शकतात. त्याला आधी डॉक्टरांना दाखवा.

दाण्यात मुख्य राळे. भोगीला ज्याचा भात करतात तेच, पण सालासकट. दुकानदार त्याला कांगणी म्हणतात. सोबत थोडी सालाची वरई. आणि इथे एक गोष्ट मी प्रत्येकाला हाताला धरून दाखवते. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वर सगळं फोल असतं. वाटी हातात घेऊन फुंकर मारा: फोल उडून जातं आणि तळाला दाणा आहे की नाही ते कळतं. पिलं घरट्यात असताना हे सकाळ-संध्याकाळ करायलाच हवं. भरल्या वाटीशेजारी पिलं उपाशी मरतात ती अशी.

विणीच्या आधी पंधरा दिवस उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवून मोड आणलेले राळे आणि कोथिंबीर-मेथी सुरू करा. समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या पाठीतल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा मात्र कायम टांगलेला हवा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कॅल्शियम कमी पडलं की अंडं मादीच्या पोटात अडकतं. अशी मादी पिसं फुलवून जमिनीवर बसते आणि शेपूट वरखाली करत राहते. तिला लगेच उबेत, तिशीच्या आसपासच्या तापमानात ठेवा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर मादी जाते.

मादी निदान आठ-नऊ महिन्यांची झाल्याशिवाय घरटं लावू नये. मी पाच इंची लाकडी खोकी वापरते, पुढची बाजू अर्धी उघडी. जोडीमागे दोन खोकी आणि सगळी एकाच उंचीवर. एखादं वर असलं की त्यावरून मारामारी ठरलेली. आमच्या जागेत चार जोड्या सुखाने राहतात, पाचवी घालायची नाही. घरट्यासाठी वाळलेली हरळी आणि बोटभर लांबीचा काथ्या द्या. सुतळी, दोरा, कापूस नको, पायात गुंततो. पहिलं अंडं दिसलं की उरलेला काडीकचरा उचलून घ्या, नाहीतर नर अंड्यांवरच नवा थर रचतो आणि खालची अंडी गार पडतात.

मादी रोज सकाळी एक अशी चार ते सहा अंडी घालते. उबवायला दोघंही आळीपाळीने बसतात, साधारण बारा ते चौदा दिवस. पाच-सहा दिवसांनी बारीक टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं स्वच्छ दिसेल त्यात जीव नाही, तरी ते लगेच काढू नका. पिलांना पहिल्या दिवसांत टेकायला आधार होतो.

नवं पिल्लू गुलाबी, आंधळं, जेमतेम शेंगदाण्याएवढं. पहिल्या दिवसापासून त्याची मान बघा. कातडी इतकी पातळ असते की मानेच्या बगलेला दाणा साठवायची पिशवी भरलेली दिसते, आत राळ्याचे पांढुरके दाणेसुद्धा मोजता येतात. संध्याकाळी ही पिशवी भरलेली म्हणजे काळजी नाही. एखादं पिल्लू खाली पडलेलं गार सापडलं तर आधी ओंजळीत धरून गरम करा आणि परत घरट्यात ठेवा. हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. गार पिलाला मात्र काही भरवू नका, त्याला ते पचत नाही.

अठरा ते एकवीस दिवसांत पिलं बाहेर येतात, चोच अजून काळी. या काळात आंघोळीच्या ताटलीत गोटे टाकून पाणी इंचभरच ठेवा. नव्याने उडणारी पिलं त्यात बुडतात. यापुढे भरवायचं काम बापाकडे जास्त, कारण मादीचा डोळा पुढच्या अंड्यांवर असतो. चोच नारिंगी व्हायला लागली, दाणा स्वतः सोलता यायला लागला की, म्हणजे सहा आठवड्यांच्या सुमाराला, पिलांना वेगळं करा. नर पिलांना बापाचं गाणं ऐकू येईल अशा जागी ठेवा. ती गाणं बापाकडूनच शिकतात, आणि ज्यांना ऐकायला मिळत नाही ती पुढे तुटक, वेडंवाकडं गातात.

मी वर्षातून दोनच विणी घेते: एक पावसाळा सरता सरता आणि एक संक्रांतीनंतर, फेब्रुवारीत. दुसऱ्या विणीची पिलं वेगळी झाली त्याच दिवशी सगळी खोकी काढते, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात टाकते. अंडं आणि मोड बंद, नुसता दाणा, पाणी, पाला आणि समुद्रफेस. तरीही जिद्दी मादी दाण्याच्या वाटीत अंडं घालते. मग मधला जाळीचा पडदा सरकवून नर एका बाजूला आणि माद्या दुसऱ्या बाजूला करते. पहिले दोन दिवस दोन्हीकडून हाकाहाकी चालते, नंतर ते रुळतात. पडदा पुन्हा उघडायचा तो प्रत्येक मादीला हातात धरून, छातीचं हाड बोटाने चाचपून. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर तिला आणखी महिनाभर विश्रांती.