ब्राउझरची झाडाझडती

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अकरा वर्कशॉपचा हिशेब आणि जीएसटी मी राजारामपुरीतल्या घरातूनच बघते. गेल्या मार्च एंडिंगला बँकेची स्टेटमेंटं पीडीएफमधून एक्सेलमध्ये घ्यायची घाई होती, म्हणून क्रोममध्ये एक फुकटचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं. काम झकास झालं. पंधरा दिवसांनी वरच्या पट्टीत काहीही टाइप केलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान उघडायला लागलं. मला वाटलं, नेट गंडलंय.

गंडलं होतं माझंच. टाकताना त्यानं 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली होती आणि मी न वाचता 'ॲड' दाबलं होतं. पत्त्यात एचटीटीपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यानं माहिती वाटेत सुरक्षित राहते. पान तुमच्या स्क्रीनवर उघडलं की असं एक्स्टेन्शन ते तुमच्या मांडीला मांडी लावून वाचतं. ओटीपीचाही भरवसा नाही. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरमध्ये ओळखीची खूण ठेवते, ती कुकी. ती चोरली तर चोराला ओटीपी लागतच नाही.

बरं, चांगलं एक्स्टेन्शन कायम चांगलंच राहील असंही नाही. न वापरलेले टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' लाखो लोक वापरत होते. २०२० साली मूळ मालकानं ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढून टाकावं लागलं. कारखान्याचा वॉचमन बदलला, किल्ली तीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या डेटा सांभाळणाऱ्या कंपनीच्याच एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी खराब अपडेट घुसवलं. कर्मचारी खोट्या मेलला फसला होता. अपडेट आपोआप येतात, आपल्याला विचारत नाहीत. म्हणून एकदा तपासून भागत नाही. मी दर महिन्याच्या वीस तारखेला, रिटर्न भरून झालं की बघते.

क्रोममध्ये उजवीकडची तीन टिंबं, मग एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, ॲड-ऑन्स (किंवा एक्स्टेन्शन्स) अँड थीम्स. तिथं जे कधी टाकलं ते आठवत नाही, ते काढा. नुसतं बंद नको, रिमूव्हच. माझ्याकडं नऊ निघाली, त्यातली दोन कामाची. जे ठेवाल त्याच्या डिटेल्समध्ये 'साइट ॲक्सेस' असतं. तिथं 'ऑन क्लिक' निवडा, म्हणजे तुम्ही बटण दाबाल तेव्हाच ते पान वाचेल. बँकेसाठी आणि पोर्टलसाठी मी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलंय, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. एवढं एक केलंत तरी निम्मी चिंता मिटते.

नवीन टाकताना आधी विचारा, याची गरज आहे का? पीडीएफ उघडायला, स्क्रीनशॉट घ्यायला काही टाकावं लागत नाही. शिवाय रंग बदलणाऱ्या थीमला तुमच्या बँकेचं पान कशाला बघायचंय? 'व्हिडिओ बघायला हे टाका' म्हणणाऱ्या साइटवरून तर मुळीच घेऊ नका.

काढताना रिमूव्हचं बटणच नसेल आणि घरच्या कॉम्प्युटरवर 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसत असेल, तर विंडोजमध्ये एखादं सॉफ्टवेअर बसलंय. ॲप्सच्या यादीतून अनोळखी ते काढा, अँटिव्हायरस चालवा. काढलेलं पुन्हा उगवलं तर सिंक बघा, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या कॉम्प्युटरवर तीच एक्स्टेन्शन्स आणणारी सोय. माझं दुसऱ्या लॅपटॉपवरून परत आलं होतं. सर्च इंजिन पूर्ववत करा. नोटिफिकेशनची परवानगी कुठल्या साइटना दिलीय तेही बघा, पुष्कळ जाहिराती तिथूनच येतात.

मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून आधी 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' आणि नंतर पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

माझे पैसे गेले नाहीत, पण अकराही जणांना फोन करून पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. लाज वाटली. एक मामा म्हणाले, "ताई, आमचा पासवर्ड लेथच्या मागं भिंतीवर खडूनं लिवलाय, पुसाय लागंल की." दुसऱ्या दिवशी मी जाऊन आधी ती भिंत पुसली.