पपईची रोपं नुसतीच उंच होत होती, तेव्हा

दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात पपईची रोपं पिशवीत उगवायची छान, पण पुढे उंचच उंच व्हायची. काडीसारखं खोड, फिकट पानं, वारा आला की आडवी. युरिया द्या, असा सल्ला मिळाला. जास्त नत्राने असं रोप आणखी कोवळं होतं, म्हणून तो मानला नाही.

खरं कारण वरच्या आंब्याची सावली. झाडाची पानं तांबडा प्रकाश शोषतात, त्यापलीकडचा अतितांबडा खाली सोडतात. या दोन प्रकाशांचं प्रमाण रोपातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ओळखतं. शेजारी स्पर्धक आहे असं समजून रोप मुळं-पानं सोडून उंचीवर जोर लावतं. कोको, वेलची सावलीत रमतात. पपई उन्हाचं पीक.

रोपं ५० टक्के सावलीच्या काळ्या शेडनेटखाली हलवली. काळी जाळी प्रकाश कमी करते, पण त्यातल्या रंगांचं प्रमाण फारसं बदलत नाही. पिशव्याही सुट्या ठेवल्या, कारण दाटीत शेजारच्या पानांमुळे तोच इशारा मिळतो. पाणी सकाळीच, ओल टिकली की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. मग आधी फक्त कोवळं ऊन, हळूहळू दिवसभराचं. हा टप्पा गाळू नका, नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात सावलीतलं पान लगेच करपतं.

नवी पानं गडद, रुंद आली, खोडही भरलं. आधी लांबलेला भाग मात्र आखूड होत नाही. ती रोपं काठीच्या आधाराने लावली.