पोराचं हार्ट अ‍ॅब्लेशन ठरलंय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी, धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळवा. आमची पोरगी नऊ वर्षांची, खेळता खेळता मधेच खाली बसायची, गळ्याजवळची शीर अशी फडफडायची की लांबून दिसायचं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर परीक्षेचं टेन्शन म्हणून घरी पाठवलं. शेवटी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धडधड चालू असतानाच ईसीजीची पट्टी निघाली, मिनिटाला २१० ठोके, तेव्हा कळलं की एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी जोराची धडधड. त्या पट्टीची लगेच झेरॉक्स काढा हां, तो कागद थर्मल असतो, काही महिन्यांत फिका पडतो.

आता अ‍ॅब्लेशन म्हणजे छाती उघडत नाहीत. हृदयात करंट जायचा एक जादा रस्ता असतो, जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी घालून तो शोधतात आणि तेवढाच ठिपका जाळतात, नाहीतर गोठवतात. तो रस्ता एव्ही नोडला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत करंट पोचवणाऱ्या मधल्या गाठीला, चिकटून असेल तर चुकून नोडला इजा झाली की कायमचा पेसमेकर लागू शकतो, असं क्वचितच होतं पण होतं, म्हणून अशा जागी बरेच डॉक्टर गोठवणं पसंत करतात, त्यात परत उद्भवायचा चान्स मात्र जरा जास्त. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, रस्ता नोडपासून किती लांब आहे आणि तुम्ही लहान मुलांच्या अशा केसेस किती करता. लाजू नका.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर ही धडधड बऱ्याचदा आपोआप थांबते, आणि १५ किलोच्या खाली शक्यतो औषधावरच काढतात. पण डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे जन्मापासूनचा जादा रस्ता जो साध्या ईसीजीतही दिसतो, असेल आणि पोर चक्कर येऊन पडलं असेल तर अजिबात थांबू नका.

तयारीत, ठोक्याची औषधं काही दिवस आधी बंद करायला सांगतात कारण टेबलावर त्यांना धडधड मुद्दाम सुरू करून बघायची असते, पण आपल्या मनाने बंद करू नका, तारीख लिहून घ्या. सर्दी ताप असेल तर लपवू नका, भूल द्यायची असते. खर्चाचं जमत नसेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाकडे, जाऊन जन आरोग्य योजनेत बसतं का ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच विचारा.

नंतरचे चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, हेच सगळ्यात अवघड, मोबाईल फुल चार्ज करून न्या आणि त्या दिवशी कार्टूनला नाही म्हणू नका. जांघेतून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि हाक मारा. आठवडाभर पीटी, सायकल, उड्या बंद. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं काही दिवस वाटतं, पण जुनी धडधड परत आली तर पुन्हा ईसीजी.

आणि ती जांघेवरची चिकटपट्टी सिस्टरना हळू काढायला सांगा, आमची पोरगी अख्ख्या दोन दिवसांत फक्त तेव्हाच रडली.