प्रोक्युअर कुठं वापरायचं, कुठं नको

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, परचेसच्या जॉबला अर्ज करणार असाल तर प्रोक्युअर (procure) हा इंग्रजी शब्द भेटणारच, सरकारी टेंडरात तर हमखास, कर्नाटकाचा १९९९ चा पारदर्शक खरेदीचा कायदा आहे की, त्याच्या इंग्रजी नावातच प्रोक्युरमेंट्स आलंय.

अर्थ नुसता घेणं असा नाही. चौकशी करून, कोटेशन मागवून, मागं लागून वस्तू मिळवणं, एवढं सगळं त्यात येतं, म्हणून खडेबाजारात जाऊन मिठाई घेतली आणि आय प्रोक्युअर्ड कुंदा म्हटलं तर लोक हसतील, तिथं बॉट बास.

वाक्य असं करायचं, आधी वस्तू, मग फ्रॉम लावून कुठनं आणि फॉर लावून कुणासाठी: वी प्रोक्युअर कास्टिंग्ज फ्रॉम लोकल फाउंड्रीज, म्हणजे ओतीव भाग आम्ही इथल्याच ओतकाम कारखान्यांतनं मिळवतो. परवानगी, दाखला असलं काय असेल तर ऑब्टेन शोभतं, आणि जमीन, कंपनी किंवा एखादं स्किल असेल तर अक्वायर.

एक मात्र सांभाळा, माणसांना हा शब्द लावू नका. वर्कर्स प्रोक्युअर केले असं रेझ्युमेत लिहाल आणि पंचाईत होईल, कायद्याच्या इंग्रजीत माणसं प्रोक्युअर करणं म्हणजे वेश्याव्यवसायासाठी बायका-पोरी पुरवणं, असा अर्थ निघतो. तिथं सरळ हायर किंवा रिक्रूट लिहा.