आठवी-नववीच्या वर्गात लैंगिक अत्याचाराविषयी कसे बोलावे

किशोरवयीन मुलामुलींशी बोलताना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावरच थांबू नये; तो धडा लहान वयाचा आहे आणि चौदा वर्षांच्या मुलांना तो ऐकताना हसू येते. त्याऐवजी प्रसंग मांडावा: क्लासचे सर रात्री अकरा वाजता ‘फोटो पाठव, आईला सांगू नकोस’ असा मेसेज करतात, तर काय कराल? वर्ग आधी खुसखुसेल, मग गप्प होईल. तेव्हा घाई न करता सांगावे की अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, गुपित राखायला लावणे ही त्याची नेहमीची रीत असते, आणि मूल त्या वेळी ओरडले नाही म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. असे मेसेज पुसू नयेत. तो पुरावा असतो.

मुलग्यांना वगळू नये. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील सर्वांनाच संरक्षण देतो.

तासानंतर एखादे मूल एकटे येऊन बोलू लागले, तर ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण याच कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या नावाची काळजी इथे गैरलागू ठरते. खोदून विचारू नये, मुलाचेच शब्द लिहून ठेवावेत. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घेतला जावा आणि पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, अशी तरतूद असल्याचे सांगितले की भीती बरीच ओसरते. मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १०९८ हा मोफत क्रमांक मात्र पहिल्याच तासाला सर्वांना वहीत उतरवून घ्यायला लावावा.