गुणांसाठी रोख बक्षीस : शाळेने योजना सुरू करण्यापूर्वी

चांगल्या गुणांबद्दल विद्यार्थ्यांना पैसे द्यावेत असा प्रस्ताव शिक्षकसभेत आला की चर्चा बहुधा ‘ही लाच नव्हे का?’ या प्रश्नापाशी अडकते. तो प्रश्न गैर नाही, पण त्याआधी पैसे नेमके कशाचे द्यायचे, पदरी पडलेल्या गुणांचे की गुणांपर्यंत नेणाऱ्या कामाचे, हे ठरवावे. माझ्या मते योजना तरते किंवा बुडते ती मुख्यतः याच निवडीवर.

अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतील काही शहरांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये गुणांनुसार पैसे मिळत. चौथीच्या मुलाला एका चाचणीमागे जास्तीत जास्त २५ डॉलर, तर सातवीच्या मुलाला ५०. डॅलसमध्ये दुसरीतील मुलांना एक पुस्तक वाचून संगणकावरील छोटी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर अवघे २ डॉलर दिले जात. न्यूयॉर्कमधील निकाल जागचे हलले नाहीत. डॅलसमधील इंग्रजी भाषिक मुलांचे वाचन-आकलन मात्र सुधारले. अधिक पैसे मिळवण्यासाठी काय करशील, असे न्यूयॉर्कच्या मुलांना विचारले तेव्हा प्रश्न नीट वाचीन, उत्तरे तपासून पाहीन, अशी उत्तरे आली. पाठ्यपुस्तक वाचीन किंवा शिक्षकांना शंका विचारीन, असे कोणी म्हटले नाही. मुलांना पैसे नको होते असे नव्हे, गुण कसे वाढवायचे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून बक्षिसासाठी असे काम निवडावे, जे मुलाच्या हातात आहे आणि शिक्षकाला पाच मिनिटांत पडताळता येते. गणितात ४२ गुण मिळालेल्या मुलीला ‘६० मिळव, पैसे देऊ’ असे सांगितले, तर ती घरी जाऊन वही उघडेल आणि कुठून सुरुवात करावी हे न कळल्याने मिटून ठेवेल. त्याऐवजी ‘चुकलेली पाच उदाहरणे पुन्हा सोडव आणि त्यांतले एक फळ्यावर समजावून सांग’ असे सांगितले, तर संध्याकाळी काय करायचे हे तिला कळते. नुसती वही भरून आणण्याचे पैसे मात्र देऊ नयेत, कारण वही भावंडांकडूनही भरून घेता येते.

पहिल्या तिघांना बक्षीस हा प्रकार टाळावा. ते तिघे बहुतेकदा आधीच ठरलेले असतात आणि उरलेला वर्ग पहिल्याच महिन्यात योजनेतून मनाने बाहेर पडतो. पैसे लवकर द्यावेत, कारण लहान मुलांच्या लेखी महिन्याभराने मिळणारे बक्षीस हे बक्षीसच नसते. काम पडताळणारा आणि पैसे वाटणारा शिक्षक एकच नसावा, हे ओघाने आलेच.

जे काम मूल आपणहून आवडीने करते त्याला दर लावू नये. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना त्यासाठी प्रमाणपत्राचे आमिष दाखवले, तेव्हा पुढे ती मुले चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळाले त्यांची आवड टिकली. फ्रायर यांच्या पाहणीत अशी घट आढळली नव्हती, त्यामुळे हा धोका सर्वत्र सारखाच असतो असे मी म्हणणार नाही. तरी वाचनवेड्या मुलाला पुस्तकामागे पैसे देण्याची गरज काय?

योजना एका सत्रापुरतीच जाहीर करावी आणि शक्य असल्यास चिठ्ठ्या टाकून निम्म्या तुकड्यांतच राबवावी. सत्राअखेर दोन्ही गटांना, ज्या चाचणीवर पैसे लावलेले नाहीत अशी एक चाचणी द्यावी. फरक दिसला नाही तर योजना थांबवावी, मात्र पूर्ण झालेल्या कामाचे ठरलेले पैसे त्याच आठवड्यात चुकते करावेत.