ऑफिसच्या ग्रुपवर खटका उडाला तर

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सगळ्यांसमोर तुमच्या कामावर बोट ठेवलं, की अंगठा लगेच उत्तर टाइप करायला धावतो. धावू द्या, पण ग्रुपमध्ये नको. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, तिथे सगळा राग ओकून टाका. ग्रुपवर एवढंच लिहा: ‘पाहिलं, दुपारी बोलूया.’ आणि खरंच जाऊन बोला, शक्यतो जेवणानंतर. उपाशीपोटी डोकं लवकर तापतं. ‘तू नेहमीच असं करतोस’ म्हटलं की समोरचा ऐकणं सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी नेमकं सांगा: ‘मंगळवारची फाइल मला संध्याकाळी ७ वाजता मिळाली, म्हणून रिपोर्ट अडकला.’ मग त्याचंही पूर्ण ऐका, मध्ये न तोडता. भांडण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तेव्हा मिटल्याचंही दोन शब्दांत ग्रुपवर कळवा; हे बहुतेक जण विसरतात.